चांदणीवाला

माझ्याकडे प्रथमच येणारे गृहस्थ टेबलाजवळच्या खुर्चीत बसतात, चहाचा पहिला घोट घेतात, नि मग एकाएकी पाय जवळ ओढून घेतात. इतर लेखकांच्या टेबलावर जिथं फुलदाणी किंवा कुणा थोराचा अर्धपुतळा असतो, तिथं माझ्याकडे एका जुन्या टॉवेलावर ओळीनं वस्तरे मांडलेले असतात. सहा-सात तरी असतील. काही उघडे, काही मिटलेले, काहींची मूठ सुटून नुसतं पातं उरलेलं. कादंबरीकाराच्या घरी हे हत्यार पाहून माणसाच्या मनात जे येतं ते त्याच्या चेहऱ्यावर उमटल्याशिवाय राहत नाही. एका प्रकाशकांनी तर मला गंभीरपणे विचारलं, 'सध्या रहस्यकथा लिहिताय वाटतं?' मी हो म्हणून टाकलं. खरं सांगायचं तर चहा निवला असता.

खरं असं, की हा माझा छंद नव्हे. विलायतेत जुने वस्तरे गोळा करून त्यांना पुन्हा धारेला आणणारे पुष्कळ हौशी लोक आहेत, आणि त्यांचा व्यासंग पाहून मी थक्क होतो. पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बापांनी वस्तऱ्यावर पोट भरलेलं नसतं. माझ्या बापानं भरलेलं आहे. त्याच्या बापानंही. आम्ही म्हाली. पुण्यामुंबईकडे न्हावी म्हणतात, कागदोपत्री नाभिक लिहितात. आमच्या नागपूर-उमरेडकडे म्हाली हाच शब्द. बाबांचं सलून महालात, बडकस चौकाच्या आतल्या एका गल्लीत होतं. दोन खुर्च्या, एक बाक आणि समोरासमोर टांगलेले दोन आरसे. त्या आरशांत माणूस स्वतःच्याच पाठीमागे रांगेत उभा राहिलेला दिसे, आणि ती रांग कुठं संपते हे पाहण्यात माझ्या लहानपणच्या कित्येक दुपारी गेल्या. शाळेत मात्र वडिलांचा धंदा विचारला, की मी 'दुकान' म्हणत असे. आणि कसलं दुकान, हे मास्तरांनी विचारू नये म्हणून देवाचा धावा करत असे. पुढं मीच मास्तर झालो. प्रवेशाचे अर्ज भरून घेताना 'दुकान' म्हणून खाली पाहणारं पोरगं आता मला लांबून ओळखू येतं. मी पुढचा प्रश्न विचारत नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खाली आला. आत तेलकट चिंधीत गुंडाळलेले पाच वस्तरे, सिल्लीचा एक तुकडा, चामोटी आणि नराणी. बाबांनी धंद्याचं सामान विकलं, खुर्च्या विकल्या, आरसे दिले. हा डबा तेवढा राहून गेला होता. किंवा ठेवला होता. चिंधीतलं तेल केव्हाच वाळून गेलेलं. मे महिन्यात पंचेचाळीस अंश आणि जुलैत भिंतींना ओल, अशा आमच्या गावात पोलादाला सुख नाही. पाचही पाती विटकरी रंगाची झाली होती.

पहिल्या वस्तऱ्याचा मी खून केला. दुसरा शब्द नाही. त्यातला दिसायला सर्वांत बरा वस्तरा मी बाबांना न सांगता उचलला नि इतवारीत भांड्यांना पॉलिश करून देणाऱ्या एका कारागिराकडे नेला. त्यानं विजेच्या चाकावर तो धरला. दहा मिनिटांत पात्यात माझं तोंड दिसू लागलं. मी तो मोठ्या ऐटीत बाबांपुढे ठेवला. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दुकान बंद केलं. पण डोळे शाबूत आहेत. त्यांनी पातं खिडकीच्या उजेडात धरलं. चकाकी पाहिलीच नाही. धारेच्या कडेनं एक बारीक निळसर रेघ गेली होती, ती पाहिली आणि वस्तरा मिटून मला परत दिला.

'मेला,' ते म्हणाले.

ही निळी रेघ म्हणजे काय ते मला नंतर कळलं. वस्तऱ्याचं पोलाद प्रथम लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात, त्यानं ते काचेसारखं कडक नि तितकंच ठिसूळ होतं. मग ते पुन्हा बेताचं तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. हे दुसरं तापवणं फार नाजूक. साधारण दोनशे अंशांच्या पुढं पोलादावर गवती पिवळी झाक येते, तिथं थांबायचं असतं. तीनशेच्या आसपास ती निळी होते, आणि निळं पडलेलं पोलाद स्प्रिंगला चांगलं, धारेला निरुपयोगी. चाकाच्या घर्षणानं पात्याची पातळ कड क्षणात तिथवर तापते, हाताला कळतही नाही. चूक त्या कारागिराची नव्हे. तांब्या आणि वस्तरा यांत फरक आहे, हे सांगण्याचं काम माझं होतं. नि ते मला, म्हाल्याच्या पोराला, ठाऊक नव्हतं.

'हातानंच घास,' बाबा म्हणाले. 'बोटाले गरम लागलं, का थांबाचं. तेवढंच त्यालेही पुरते.'

अशी माझी शिकवणी सुरू झाली. मास्तर खाटेवर आणि विद्यार्थी जमिनीवर. गंजलेलं पातं आधी रॉकेलमध्ये रात्रभर ठेवायचं. मग पॉलिश कागदाचा तुकडा बुचाला गुंडाळून, तेल लावून, पाठीकडून धारेकडे घासायचं. धारेवरून आडवं कधी नाही, बोट जातं. लाल गंज वरवरचा असतो, तो लवकर जातो. काळा गंज हट्टी. तो गेल्यावर खाली देवीच्या वणासारखे खड्डे दिसतात. पात्याच्या अंगावरच्या खड्ड्यांना मी फार भीत असे. बाबा म्हणत, ते राहू दे. धारेजवळचा खड्डा मात्र वाईट. सिल्लीवर घासता घासता धार त्या खड्ड्यापर्यंत पोचली, की तिथं ती चुरते, आणि गालावर ओरखडा उठतो. मी चकाकीच्या मागं लागलो, की त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: 'वस्तरा चमकाले नाही पायजे, चालाले पायजे.'

या शिकवणीत माझा एक गैरसमज दूर झाला. वस्तरा दुरुस्त करणं म्हणजे त्याचं गेलेलं काही परत आणणं, असं मी समजत होतो. मोडलेल्या खुर्चीला नवा पाय बसवता येतो, फाटलेल्या पुस्तकाला पान चिकटवता येतं. वस्तऱ्याला काहीच लावता येत नाही. जे काय करायचं ते काढूनच. गंज काढा, खड्डा काढा, धार काढा. दर वेळी थोडं पोलाद कमी होतं. जुन्या धंदेवाईक न्हाव्याचा वस्तरा निम्मा झिजलेला असतो, नि तरी चालतो, याचं कारण त्याच्या घडणीत आहे. सिल्लीवर वस्तरा सपाट ठेवतात. त्याची जाड पाठ आणि पातळ धार दोन्ही दगडाला टेकलेली. पाठीच्या जाडीनं धारेचा कोन ठरतो. पुढं धार झिजते तशी पाठही झिजते, म्हणून कोन फारसा बिघडत नाही. माणसाला वेगळं कौशल्य लागतं ते पाठ न उचलण्याचं. दगडावर धार पुढं करून जायचं, चामोटीवर पाठ पुढं करून. एका टोकाला पोचल्यावर पातं पाठीवरून उलटवायचं, धारेवरून नव्हे. माझी पहिली चामोटी मी दुसऱ्याच दिवशी कापली.

डब्यातले वस्तरे संपल्यावर मी बुधवार बाजारात नि कबाड्यांच्या ढिगांत शोधू लागलो. मौज अशी, की जुन्या वस्तऱ्याचं आयुष्य त्याच्या मुठीवर अवलंबून असतं. शिंगाच्या मुठीला कीड लागते, ती वाळून तडकते, पण पात्याला त्रास देत नाही. अधूनमधून तेलाचं बोट फिरवलं की तिचं भागतं. सेल्युलॉइडची मूठ दिसायला देखणी, हस्तिदंताची किंवा कासवाच्या पाठीची नक्कल करणारी. पण म्हातारपणी ती कुजू लागते आणि तिच्यातून आम्लाची वाफ सुटते. उन्हाळ्यात तर विशेष. कितीदा असं झालं, की सुंदर मुठीचा वस्तरा मी कौतुकानं उघडला, आणि मुठीत मिटून राहणारं पातं नेमकं तिथंच खाऊन गेलेलं निघालं.

पात्याच्या शेपटीवर कारखान्याची निशाणी असते, ती भिंगातून वाचण्यात माझे रविवार जातात. बहुतेक शेफील्डचे किंवा जर्मनीतल्या झोलिंगेनचे. 'मेड इन जर्मनी' हे शब्द, गंमत म्हणजे, इंग्रजांच्या १८८७ सालच्या कायद्यानं जर्मन मालावर आले. हेतू असा, की गिऱ्हाइकानं हलका परदेशी माल ओळखून टाळावा. गिऱ्हाइकं तेच शब्द शोधून माल घेऊ लागली.

वाचता वाचता मला आणखी एक गोष्ट सापडली नि मी ती धावत जाऊन बाबांना सांगितली. १८२०च्या सुमारास लंडनमध्ये मायकेल फॅरेडे, तोच तो विजेचा शास्त्रज्ञ, जेम्स स्टोडार्ट नावाच्या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराबरोबर पोलादावर प्रयोग करत होता. त्यांच्यासमोर नमुना होता तो आपल्या दक्षिणेत मुशीत तयार होणाऱ्या पोलादाचा. साहेब त्याला वूट्झ म्हणत. स्टोडार्ट आपल्या दुकानाच्या कार्डावर अभिमानानं छापत असे, की आपले वस्तरे या हिंदुस्थानी पोलादाचे आहेत, आणि युरोपातल्या उत्तम पोलादापेक्षाही आपल्याला ते अधिक पसंत आहे.

'मंग आपलंच लोखंड नेऊन आपल्यालेच वस्तरे इकले म्हना,' बाबा म्हणाले.

तसं नव्हे, शेफील्डचं पोलाद निराळं, ते हंट्समन नावाच्या घड्याळजीनं १७४०च्या सुमारास शोधलेल्या मुशीतलं, असं मी सांगू लागलो. बाबांनी कूस बदलली.

वस्तरा मेला कशानं, याबद्दलही लोकांच्या भ्रामक कल्पना आहेत. जिलेटनं मारला असं म्हणतात. जिलेट कंपनीनं १९०३ साली विक्री सुरू केली, तेव्हा त्या वर्षी एकूण ५१ रेझर खपले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना ते सरसकट मिळाले आणि जगभर पुरुष आपली दाढी आपण करू लागले. पण आमच्याकडे, खुर्चीत बसून मान मागं टाकण्याचं सुख ज्याला हवं त्याच्यासाठी, वस्तरा पुढं ऐंशी वर्षं चालूच राहिला. त्याचा शेवट झाला तो भीतीनं. १९८६ साली मद्रासला एच. आय. व्ही.चे आपल्या देशातले पहिले रुग्ण सापडले, आणि पुढच्या दहाएक वर्षांत गिऱ्हाईक खुर्चीवर बसण्याआधी 'ब्लेड नवं आहे ना?' विचारू लागलं. बाबांनी अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आणला. जुने चिंधीत बांधले. त्याबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही, नि मीही करणार नाही. जुन्या धारेचे गोडवे गाणाऱ्यांनी एका सिल्लीवर नि एका वाटीतल्या पाण्यावर दिवसाला तीसतीस गाल होत असत, हेही आठवावं. मी दुरुस्त केलेले वस्तरे घराबाहेरच्या कुणाच्या गालाला लागत नाहीत.

आता त्या पाचव्या वस्तऱ्याकडे येतो. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, कारण तो आजोबांचा. शिंगाची काळी मूठ, खिळ्याच्या जागी तांब्याची तार. शेपटीवरची अक्षरं झिजून गेलेली. राहिली होती एक चांदणी आणि तिच्या शेजारी क्रूस. ही जोसेफ रॉजर्सची निशाणी. रॉजर्सचा चाकू म्हणजे आपल्याकडे एके काळी घरातला दागिना होता, आणि म्हणूनच त्याच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. आजोबांचा अस्सल की नक्कल हे त्या उरलेल्या चांदणीवरून सांगता येत नाही. इंग्रजी न येणाऱ्या आमच्या घरात त्याचं नाव एकच: चांदणीवाला. आजोबा उमरेडच्या पलीकडच्या आमच्या गावी धोकटी घेऊन घरोघर जात, आणि सुगीला खळ्यावर धान्य मिळे. त्यांच्या धोकटीत हा एकच वस्तरा होता.

गंज काढल्यावर मला दिसलं, की त्याची धार सरळ नाही. मधे, टाचेकडच्या बाजूला, ती किंचित आत गेलेली. सपाट दगडावर उभी टेकवली तर खालून उजेड दिसे. असं होतं ते सिल्लीवर हात सारखा पडत नसला तर. आजोबांना मी फारसं पाहिलेलं नाही. त्यामुळं त्यांच्याविषयी मत बनवायला मला काहीच अडचण पडली नाही. चार घरांचा म्हाली, शिकवणार कोण, हात वाकडा असणारच, असं मी म्हटलं. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.

याच सुमारास या अंकासाठी लेख मागणारं पत्र आलं, आणि मी वस्तऱ्यावर लिहायचं ठरवलं. तो लेख निराळा होता. त्याचा कळस होता १८९० साल. सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं त्या वर्षी मुंबईच्या न्हाव्यांनी एकत्र येऊन, यापुढं विधवांच्या डोईवर वस्तरा चालवायचा नाही, असं ठरवलं. गेली पंधरा वर्षं मी हा प्रसंग वर्गात सांगत आलो आहे. ज्यांच्या तोंडात धर्मशास्त्र होतं ते गप्प बसले, आणि ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनी तो मिटला, असं एक वाक्यही माझं तयार आहे. मुलं त्या वाक्याला माना डोलावतात. लहानपणी 'दुकान' म्हणणाऱ्या मला या एका प्रसंगानं मान वर करायला शिकवलं. ते सगळं मी त्या लेखात ओतलं आणि बाबांना वाचून दाखवलं.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

'चांगलं हाये,' ते म्हणाले. 'पन तुह्या आजोबाचा हात वाकडा नोहता.'

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मला किंवा आईला, ती असेपर्यंत, कधीही सांगितलेलं नव्हतं.

१९५८चा उन्हाळा. बाबा बारा वर्षांचे. गावच्या शाळेत त्यांच्या वर्गात एक मुलगा होता. वर्ग एक, बसायची जागा निराळी. त्याच्या घरचे दीड वर्षापूर्वी, १९५६च्या ऑक्टोबरात, चालत नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेऊन आले होते. मुलगा हुशार. त्याला नागपूरला वसतिगृहात जागा मिळाली. जायच्या आदल्या दिवशी सकाळी त्याची आई त्याला घेऊन आमच्या ओट्यासमोर आली. शहरात जायचं, डोकं साफ करून द्या, असं ती म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून चार आणे काढून तिनं ओट्याच्या कडेवर ठेवले. आजोबा कुणाची तरी दाढी करत होते. बाबा पाण्याची वाटी धरून उभे. आजोबांनी मान वर केली नाही.

'मले जमत नाही,' ते म्हणाले.

बाई थोडा वेळ थांबली. मग तिनं चार आणे उचलून पुन्हा गाठीत बांधले आणि दोघं गेली. दाढी पुरी झाल्यावर, गिऱ्हाईक उठून गेल्यावर, आजोबा वाटीतलं पाणी फेकत कुणाला उद्देशून नाही असे म्हणाले, 'खळ्यावर मले मंग धान्य कोन देईन?'

'ते खोटं नोहतं,' बाबा मला म्हणाले. 'बंदच झालं असतं धान्य. पन तो पोट्टा पाहून रायला होता ना माह्याकडे. तिच्याकडे नाही, बुढ्याकडे नाही, माह्याकडे.'

दुपारी आजोबा झोपल्यावर बाबांनी धोकटीतून चांदणीवाला काढला. नाल्याच्या काठी मोहाच्या झाडाखाली त्यांनी त्या मुलाला बसवलं. तोवर त्यांचा हात मडक्याच्या बुडाखेरीज कशावर चाललेला नव्हता. नाल्याचं पाणी लावून त्यांनी कपाळाकडून सुरुवात केली. दोन ठिकाणी रक्त आलं. मुलगा हलला नाही. अर्धी डोई झाली असेल-नसेल, तोच वरच्या बाजूनं गुरं हाकल्याचा आवाज आला. बाबा दचकले, ओला वस्तरा हातातून निसटला नि दगडावर पडला. त्यांनी तो उचलला आणि पळत सुटले. तो मुलगा तिथंच, मोहाखाली, अर्ध्या डोक्यानं बसलेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उमरेड स्टेशनच्या वाटेनं मायलेक जाताना बाबांनी लांबून पाहिलं. नागपूर-नागभीडची ती लहान गाडी, २०१९पर्यंत धावणारी, तीच पकडायची होती. मुलाच्या डोक्याला आईचं फडकं गच्च बांधलेलं होतं.

'आजोबांनी मारलं?' मी विचारलं.

'मारलं ना. चामोटीनंच.'

धारेला टाचेजवळ खोच पडली होती. खोच काढायची म्हणजे खरं तर सगळी धारच तेवढी खाली आणायला हवी. पण त्याला वेळ लागतो, आणि वस्तरा एकच. तो चार दिवस बंद राहिला तर घर बंद. म्हणून आजोबा दिवसा खोचेला चुकवून पुढच्या निम्म्या पात्यानं गावाच्या दाढ्या करत, नि रात्री कंदिलाशी बसून खोचेपुरतंच घासत. आठ रात्री. खोच गेली, पण तिथं धार आत गेली ती गेलीच. कुणाची डोई करायला वस्तरा नेला होतास, असं त्यांनी बाबांना एकदाही विचारलं नाही.

'त्याले मालूम होतं,' बाबा म्हणाले.

'आणि तो? पुढं कधी भेटला? तुम्ही इतकी वर्षं नागपुरातच होता.'

'कायले येईन तो?' बाबा म्हणाले, आणि पाणी मागितलं.

मी शिक्षक आहे. गांधींनी आत्मकथेत लिहिलं आहे, ते मला ठाऊक होतं: प्रिटोरियाच्या गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला, तेव्हा त्यांना त्या न्हाव्याचा राग आला नाही, काळ्या माणसाला हात लावला तर त्याची गिऱ्हाइकं तुटली असती, आणि आपणही आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देत नाही, हे त्यांना आठवलं. बाबासाहेबांनी लिहिलं आहे तेही ठाऊक होतं: साताऱ्याला न्हावी होते, द्यायला पैसेही होते, तरी घरातल्यांचे केस थोरली बहीण कापत असे. हे दोन्ही उतारे मी मुलांना वाचून दाखवले आहेत. पण पुस्तकातला न्हावी मला नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी बाप वाटत आला. एकाच हत्यारानं एकदा मुंबईत एक नकार दिला, तो मी घराण्याच्या खात्यावर जमा करून घेतला होता, मुंबईशी आमचा कसलाही संबंध नसताना. दुसरा नकार आमच्या ओट्यावरचा होता.

१८९०चा भाग मी लेखातून काढून टाकणार होतो. बाबा म्हणाले, 'राहू दे ना. तेही तं खरंच हाये.'

त्या रात्री मी ठरवलं, की चांदणीवाल्याची धार आहे तशी राहू द्यायची. गंज तेवढा काढायचा, तेल लावायचं, काचेखाली ठेवायचा. कादंबरीकाराला असले बेत झटकन सुचतात. सकाळी बाबांना सांगितलं, तर ते खाटेवर उठून बसले.

'मंग भिंतीले टांग. वस्तरा कायले म्हनतं त्याले?' आणि थोड्या वेळानं, 'सरळ कर. वाकड्या धारेनं गाल कापते. मी कापले हायेत त्यानं.'

आत गेलेली धार सरळ करायची, तर आत गेलेल्या जागी काही करायचंच नसतं. दोन्ही टोकांचं पोलाद काढून त्यांना त्या जागेच्या पातळीला आणायचं असतं. त्यासाठी वस्तरा उभा धरून, धार दगडाला लावून, सुरीनं पाव कापावा तसा ओढावा लागतो. इतक्या दिवसांत जे कधी करू नये म्हणून शिकलो ते जाणूनबुजून करायचं. पहिल्या ओढीला जो आवाज झाला त्यानं माझ्या दातांना कळ आली. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, पण हात मोजत होते. मधेच एकदा 'टाचेकडं कमी दाबून रायला,' असं पाठमोरेच म्हणाले. त्या संध्याकाळी खालून दिसणारा उजेड बंद झाला. मग हजार नंबरच्या दगडावर तीन संध्याकाळी, धारेला पुन्हा दोन्ही बाजूंनी उतार येईपर्यंत. मग चार हजार, मग आठ हजार. दगडावरचं पाणी राखाडी होई, मी ते पुसून टाकी, पुन्हा होई. डब्यातून आला तेव्हापेक्षा वस्तरा डोळ्यांना दिसण्याइतका अरुंद झाला आहे. चांदणी मी बोटानं झाकून ठेवली होती, तिला कागद लागू दिला नाही. तेवढं बाबांनी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

शेवटी चामोटी. बाबांचीच, डब्यातली, एरंडेल लावून लावून मऊ केलेली. तिचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं. पाठ पुढं, उलटव, पाठ पुढं, उलटव. साठ हात झाल्यावर पातं पुसून मी वस्तरा बाबांना दिला. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा जिभेनं ओला केला नि धार त्यावर आडवी टेकवली. हात थरथरत होता. अंगठ्याजवळ आल्यावर थांबला.

'अजून दहा हात मार,' ते म्हणाले.